इंदुरी पोहे, उसळ आणि जलेबी: ठेला कसा पारखावा

इंदूरला पाहुणा आला की सकाळी त्याला पोह्यांच्या ठेल्यावर नेलं जातं. पुण्या-नागपूरच्या पाहुण्याला पहिल्या घासाला हे गोड लागतं आणि दुसऱ्या घासाला त्याला शेंगदाणे आठवतात. इथे दाणे नसतात, कांदा फोडणीत पडत नाही, तो वरून कच्चा येतो. कांदेपोह्यांच्या मापाने हे पोहे मोजले तर नापासच होतील. पण ही वस्तूच वेगळी आहे: परतलेली नाही, वाफेवर धरलेली.

ठेल्यावर पोहे घेण्याआधी भांड्याकडे बघावं. खाली मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, वर परातीत पोह्यांचा ढीग. ही मांडणी तीन-चार तास पोहे मऊ आणि गरम ठेवते, म्हणूनच सहाचा ग्राहक आणि साडेनऊचा ग्राहक जवळपास सारखंच खातो. जवळपास म्हणायचं कारण, खालचं पाणी आटलं आणि वेळेवर भरलं नाही की परातीच्या बुडाचे पोहे सुकून चिवट होतात. उलट, ढीग घट्ट झाकून ठेवला तर झाकणाचं पाणी टपकतं आणि गोळे होतात. चांगला ठेलेवाला मधूनमधून कडेचे पोहे मध्ये ओढतो आणि उलथन्याने हलकेच मोकळे करतो, दाबत नाही. परातीकडे पाठ करून फक्त पैसे घेणारा दिसला तर पुढचा ठेला बघावा.

रंगावरूनही बरंच कळतं. फिकट, एकसारखा पिवळा असावा. हळदीचे ठिपके दिसले तर ती ओल्या पोह्यांना नीट लागलेली नाही आणि वाफेत शिजलेलीही नाही; कच्चा वास येणारच. फोडणीत मोहरी, हिरवी मिरची आणि बडीशेप. बडीशेप नसेल तर ते इंदुरी पोहे नव्हेत, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

वरचा साज हा अर्धा पदार्थ आहे: बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, सेव आणि जीरावन. कुठे डाळिंबाचे दाणे किंवा बुंदीही पडते. डाळिंब ठीक, बुंदीने मात्र प्लेट उगीच जड होते. जीरावन म्हणजे धणे, जिरे, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग असा कोरडा मसाला. तो लिंबू पिळल्यानंतर भुरभुरावा, म्हणजे ओल्या पोह्यांना चिकटतो. आधी टाकला तर घसरून तळाशी जातो. सेव लवंगेची रतलामी असेल तर उत्तम (तिला भौगोलिक मानांकनही आहे), पण ती तिखट असते, म्हणून जीरावन मग निम्मंच घ्यावं. डब्याचं झाकण सकाळभर उघडं असलेली सेव पावसाळ्यात हमखास सादळते. एक काडी आधी चावून बघायला कोणी नाही म्हणत नाही.

आता उसळ पोहे. राजवाड्याच्या आसपास आणि मराठी वस्तीत ही प्लेट आग्रहाने मागितली जाते, आणि इंदूरच्या मराठीपणाची खूण शोधायची तर पाट्यांपेक्षा इथे लवकर सापडेल. त्याच पोह्यांवर कडधान्याची पातळ, तर्रीदार उसळ येते. पोह्यांत साखर असल्यामुळे उसळ झणझणीत हवीच. सौम्य उसळीने दोन्ही फिकं पडतं. इथे हटकून होणारी चूक म्हणजे उसळ भरभरून ओतणं. वाफवलेले पोहे परतलेल्यांपेक्षा रस फार लवकर पितात, दोन-तीन मिनिटांत लगदा होतो. उसळ वेगळ्या वाटीत मागावी, चमच्या-चमच्याने घ्यावी आणि सेव सगळ्यात शेवटी. नेत्यांवरची चर्चा सुरू करायची असेल तर आधी प्लेट संपवावी. ठेल्यावर निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत पोह्यांचा निकाल लागलेला असतो.

जलेबी शेजारीच तळली जात असेल तरच घ्यावी. पीठ नीट आंबलेलं असलं की किंचित आंबूस चव येते आणि तीच पोह्यांच्या जोडीला हवी. पाक कोमट असावा: गार पाक आत शिरत नाही, वरच साखरेची पुटं चढतात, फार वेळ पाकात पडलेली जलेबी मऊ पडते.

स्वच्छतेत 2017 पासून सलग अनेक वर्षं पहिला नंबर मिळवलेल्या शहरात ठेल्याजवळ कचरापेटी असतेच, तिचा उपयोग करावा. प्लेट मात्र बघून घ्यावी. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पोहे देण्याची जुनी सवय कुठेकुठे अजून टिकून आहे, आणि गरम पोह्यांना छपाईची शाई लागते. कागद दिसला तर सरळ द्रोण मागावा.

घरी करायचे तर पाव किलो मध्यम जाडीचे पोहे घ्या; पातळ पोहे वाफेत विरघळतात. चाळणीत दोनदा धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवा. अर्धा चमचा हळद, दोन चमचे साखर आणि मीठ हाताने हलकं चोळा. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, चमचाभर बडीशेप, मिरची तडतडवून वर घाला आणि उकळत्या पाण्यावर आठ-दहा मिनिटं वाफवा. झाकणाला फडकं बांधायला विसरू नका. बांधून न्यायचे असतील तर कांदा, सेव, लिंबू तिन्ही वेगळं मागा आणि पुडीचं तोंड पाच मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत आतल्या वाफेनेच गोळा झालेला असेल.