अभ्यासिका की अभ्यासगट?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याची फी भरली की शांतता मिळते. लाकडी खण, डोक्यावर पंखा. शेजारचा काय वाचतोय तेही कळत नाही. पाठांतराला उत्तम.

पण गावाहून आलेल्या, पहिल्याच वर्षी इंग्रजीतल्या गणिताने धास्तावलेल्या मुलीला नुसती शांतता काय कामाची? तिला हवा गट. अडलेलं उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवणारी तिसऱ्या वर्षाची ताई, आणि दोन दिवस दिसली नाही तर ‘अगं, आहेस कुठे?’ म्हणून येणारा फोन. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांत राहणं-शिकणं असं एकत्रच चालतं.

गटात गप्पांत वेळ जातो, हे खरं. तरी पहिल्या वर्षाला मी गटच सांगेन. परीक्षेच्या महिन्यात खुशाल अभ्यासिका गाठा.