व्हॅक्युमऐवजी स्प्रिंग: जुन्या पिकअपवर बसवलेला यांत्रिक वेस्टगेट कंट्रोलर

आंब्याच्या हंगामात देवगडहून वाशीच्या बाजारात पेट्या नेणारी माझी जुनी डिझेल पिकअप हा बदल करण्याआधी दोन वर्षे चढणीवर ओढच घेईनाशी झाली होती. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) शाबूत होता; दोष प्रत्येक वेळी त्याचे वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टला टर्बोबाहेरून वाट देणारी झडप, चालवणाऱ्या व्हॅक्युमच्या पाईपांत सापडे. आमच्याकडे गाडी कलमांखाली उभी असते, पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात आणि पाईप कुरतडतात. त्यातून वाचलेला पाईप इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन टोकाशी चिरतो, आणि खाऱ्या हवेने सोलेनॉईडच्या (व्हॅक्युम सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेच्या झडपेच्या) पिनांवर हिरवट गंज चढतो. शेवटी कुडाळच्या एका मेस्त्रींकडून मी ही व्यवस्था काढून यांत्रिक कंट्रोलर बसवून घेतला. दोन हंगाम वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

माझ्या गाडीच्या मूळ रचनेत अ‍ॅक्च्युएटरमधील (गेट हलवणाऱ्या डबीतील) स्प्रिंग वेस्टगेट उघडे ठेवते आणि व्हॅक्युम ते ओढून बंद करतो. त्यामुळे पाईप कुठेही फुटला की गेट उघडेच राहते, एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो आणि बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) तयारच होत नाही. नव्या रचनेत हे सगळे उलटे आहे: स्प्रिंग गेट बंद धरते आणि बूस्टचा दाब ते उघडतो. म्हणूनच केवळ कंट्रोलर विकत आणून जुन्या व्हॅक्युम अ‍ॅक्च्युएटरला जोडला तर काहीही साधत नाही. दाबावर चालणारा अ‍ॅक्च्युएटर त्याच्या ब्रॅकेटसह घ्यावाच लागतो, आणि खरा खर्च त्याचाच आहे. हे दुकानदाराने आधी सांगायला हवे होते.

कंट्रोलर म्हणजे पितळी नळकांडे, त्यात एक पोलादी गोळी, तिच्यामागे स्प्रिंग आणि स्प्रिंग दाबणारा स्क्रू. ठरावीक दाब येईपर्यंत गोळी वाट अडवून धरते, त्यामुळे गेट पूर्ण मिटलेले राहते आणि टर्बो लवकर वेग घेतो. गोळी उचलली गेली की दाब अ‍ॅक्च्युएटरपर्यंत पोहोचतो. फोंडा घाटात भरल्या गाडीने हा फरक मला पहिल्याच वळणानंतर जाणवला, कारण जिथे दुसऱ्या गिअरवर उतरावे लागे तिथे गाडी तिसऱ्यावरच निघाली. कारागिरी चांगली आहे, आटे स्वच्छ आहेत आणि लॉकनट घट्ट बसतो. सेटिंग मात्र गेजशिवाय करू नये. आम्ही स्क्रू पूर्ण सैल ठेवून सुरुवात केली, प्रत्येक वेळी अर्धा आटा आवळून लांब चढणीवर गेज पाहिला आणि कंपनीच्या मूळ बूस्टपेक्षा किंचित खालीच थांबलो. जास्त बूस्टचा मोह धरला तर ईसीयू (इंजिनचा संगणक) जादा दाबाची चूक नोंदवून गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद मुद्दाम कमी ठेवलेल्या अवस्थेत, टाकते, आणि टर्बोच्या बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. पेट्रोल गाडीसारखा थ्रॉटलमागचा व्हॅक्युम डिझेलला मिळत नाही, म्हणून इंजिनवर वेगळा पंप असतो, आणि माझ्या गाडीत तोच पंप ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) आणि ईजीआरलाही (थोडा एक्झॉस्ट पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेलाही) व्हॅक्युम पुरवतो. कुडाळला जाण्यापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजने टर्बोकडे जाणारा पाईप तीन तोंडांच्या टी-जोडातून काढून त्या तोंडात नुसता बोल्ट दाबून बसवला होता. तो निसटला आणि उतारावर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक झाले. गाडी थांबली, पण शेजारी माझा मुलगा बसला होता, आणि ती काही क्षणांची भीती मी विसरलेलो नाही. कुडाळच्या मेस्त्रींनी तो टी-जोडच काढून सलग नवा पाईप टाकला आणि पंपाचा व्हॅक्युम गेजवर मोजून दाखवला. त्यांच्या मजुरीतला प्रत्येक रुपया मला योग्य वाटतो. सोलेनॉईडचा विजेचा प्लग त्यांनी जोडलेलाच ठेवला, नाहीतर ईसीयू सर्किट तुटल्याची चूक दाखवत राहते.

उणिवाही आहेत. ईसीयू कमी भारावर गेट उघडून एक्झॉस्टचा उलट दाब कमी करत असे. आता महामार्गावर सावकाश चालतानाही गेट मिटलेलेच असते, त्यामुळे डिझेल थोडे जास्त लागते असे माझ्या वहीतील नोंदींवरून दिसते. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो असलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नये, कारण तिथे पाती प्रत्येक आरपीएमला वेगळ्या कोनात ठेवावी लागतात आणि ते एका स्प्रिंगचे काम नव्हे. बीएस-६ गाडीला तर हातच लावू नये. विमा कंपनीला बदल आधी कळवावा. मी कळवला आणि पीयूसीही नव्याने करून घेतली.

कंट्रोलरच्या अंगाला सुईएवढे एक छिद्र आहे, ज्यातून अडकलेला दाब बाहेर पडून गेट पुन्हा मिटते. ते तेलकट धुळीने बुजले की गेट उघडेच राहते आणि ओढ पुन्हा नाहीशी होते, त्यामुळे पहिली पेटी भरण्याआधी, मार्चच्या सुरुवातीला, मी ते बारीक तारेने साफ करतो.