भुईमुगाचा टिक्का इमेजजेवर मोजताना: हंगामभराच्या वापरानंतर

करप्याच्या, टिक्क्याच्या (भुईमुगाच्या पानावर ठिपके पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाच्या) नोंदी नजरेने घेणाऱ्यांना दोन गोष्टी ठाऊक असतात. पानावर बारीक ठिपके विखुरलेले असले की नजर रोग हमखास जास्त धरते. आणि एकाच पानाला दोन माणसं दोन आकडे देतात. यंदाचा सगळा हंगाम टिक्क्याची तीव्रता (पानाचा किती भाग रोगट आहे ते) इमेजजे या चित्रं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर मोजली. यापुढेही मोजणार आहे, पण काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी ते जीवशास्त्र-वैद्यकातल्या चित्रांसाठी तयार केलं, त्यामुळे मेन्यूमध्ये शेतीचं नावही सापडणार नाही. काम मात्र सरळ आहे. ‘कलर थ्रेशोल्ड’मध्ये (रंगाची मर्यादा बसवून) आधी पूर्ण पान निवडायचं, मग फक्त ठिपके, आणि दोन्हींचं क्षेत्र काढून भागाकार. नुसती टक्केवारी हवी असेल तर मिलिमीटरचं माप बसवायचीही गरज नाही. ठिपके मोजणाऱ्या ‘अ‍ॅनलाइझ पार्टिकल्स’ला किमान आकार दिला की धुळीचे कण गळतात. ठिपके एकमेकांत मिसळले की संख्या चुकते, क्षेत्र चुकत नाही. म्हणून उशिराच्या नोंदींत मी संख्येकडे बघतच नाही.

निम्मं यश चित्रावर अवलंबून आहे. मोबाइलचा कॅमेरा दर फोटोला रंगाचा तोल आपल्या मनाने बदलतो, आणि सकाळी बसवलेली मर्यादा दुपारच्या फोटोला लागू पडत नाही. साधा सपाट स्कॅनर कितीतरी भरवशाचा. पर्णिका सुट्या करून काचेवर ठेवायच्या, वर निळा कागद (पानात निळा रंग नसतो, त्यामुळे कडा स्वच्छ सुटते), ३०० डीपीआयला स्कॅन करायचं आणि टिफमध्येच साठवायचं. जेपेगमध्ये ठिपक्यांच्या कडा फुटतात.

खरी अडचण पुढे येते. लवकर येणाऱ्या टिक्क्याच्या तपकिरी ठिपक्याभोवती पिवळं वलय असतं. उशिरा येणाऱ्यात ते अस्पष्ट असतं किंवा नसतंच, आणि ठिपका पानाच्या खालच्या बाजूला जवळजवळ काळा दिसतो. हे वलय रोगात धरायचं की नाही? लहान ठिपक्यांवर एवढ्या एका निर्णयाने आकडा दुप्पट होऊ शकतो. इमेजजे याचं उत्तर देत नाही. तुम्ही पट्टी सरकवाल तिथे ते रेघ मारतं. मी मेलेला भाग एका रकान्यात आणि वलय दुसऱ्यात ठेवलं, पानाची कोणती बाजू स्कॅन करायची तेही ठरवून टाकलं. मग या पायऱ्या मॅक्रोत (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) नोंदवून सगळ्या चित्रांवर तोच मॅक्रो चालवला. माझ्या मते पैसावसूल गोष्ट हीच (पैसे शून्य असले तरी): उद्या दुसऱ्या कुणी तीच चित्रं चालवली तर तेच आकडे येतील. नजरेच्या नोंदीत ही सोय नाही.

तांबेरा आणि टिक्का एकाच पानावर असले की रंगाची मर्यादा दोन्ही एकत्र करते. तांबेऱ्याच्या पुळ्या इतक्या बारीक की ३०० डीपीआयला त्यांच्या वाट्याला मोजकेच पिक्सेल येतात. तिथे ६०० लागतं. फिजीमधल्या (इमेजजेच्याच जोडण्यांसह येणाऱ्या आवृत्तीतल्या) ‘ट्रेनेबल वेका’ या शिकणाऱ्या साधनाला नमुने दाखवून शिकवलं तर फरक बराच जमतो, पण मोठ्या चित्रावर साधा संगणक धापा टाकतो.

सगळ्यात फसवी गोष्ट पानगळ. टिक्का वाढला की पानं गळतात, आणि गळालेलं पान स्कॅनरवर येत नाही. परिणामी रोग वाढतोय आणि सरासरी तीव्रता घटतेय असा विचित्र आलेख मिळतो. नजरेने गुण देण्याच्या भुईमुगाच्या १ ते ९ च्या श्रेणीत पानगळ धरलेली असते, ती उगाच नाही. त्यामुळे फांदीवरच्या रिकाम्या पेरांची मोजणी हाताने करावीच लागते. रोगवाढीच्या वक्राखालचं क्षेत्र (दोन नोंदींची सरासरी गुणिले मधले दिवस) काढणाऱ्यांनी तर नक्कीच: ७ दिवसांच्या अंतराने १० आणि ३० टक्के तीव्रता असेल तर १४० टक्के-दिवस होतात, पण ३० च्या जागी पानगळीमुळे १५ आला तर ८७.५ च, आणि तुमचं रोगट वाण चांगलं ठरतं.

शिवाय हे यंत्र लक्षणं मोजतं, बुरशी नाही. लागण झाल्यावर ठिपका दिसेपर्यंतच्या काळात पान याच्या लेखी निरोगी. त्यासाठी बुरशीचा डीएनए मोजणारी क्यूपीसीआर चाचणी आहे, पण ती मेलेल्या बुरशीचा डीएनएही मोजते. एर्गोस्टेरॉलची (बुरशीच्या पेशीत असणाऱ्या एका घटकाची) चाचणी बहुतेक खऱ्या बुरशींना चालते; बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याला किंवा केवड्याला नाही, कारण ते जीव एर्गोस्टेरॉल बनवत नाहीत.

जुन्या नोंदींशी तुलना करणाऱ्यांनी जरा थांबावं. नजरेने तीव्रता ठरवण्याच्या हॉर्सफॉल-बॅरट यांच्या १९४५ च्या श्रेणीत २५ ते ५० टक्के हा एकच गट आहे. गव्हाच्या तांबेऱ्याच्या सुधारित कॉब श्रेणीत १०० म्हणजे प्रत्यक्षात पानाचा ३७ टक्के भाग झाकलेला. इमेजजेचा आकडा त्याच रकान्यात सरळ लिहिला तर रोग एकदम कमी झाल्यासारखा दिसेल. निदान एक हंगाम दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवा.