थेट एमआरआयच करू का?

पुण्यात पेठेतल्या एका सेंटरवर मी टेक्निशियन आहे. काउंटरवर रोज कुणीतरी विचारतंच, "त्यापेक्षा थेट एमआरआयच करू का? एकदाच काय ते कळेल." चिठ्ठीवर लिहिलेला असतो छातीचा एक्स-रे, त्रास पंधरा दिवसांच्या खोकल्याचा. मशीन महाग म्हणजे जास्त दाखवणार, असा हिशेब. पण प्रत्येक मशीन वेगळंच काहीतरी बघतं. म्हणून तक्रारीवरूनच सांगतो.

खोकला-ताप असेल तर सुरुवात साध्या फोटोने, म्हणजे एक्स-रेने. फुप्फुसातली हवा फिल्मवर काळी दिसते, तिथे पू किंवा पाणी भरलं की पांढरं. एवढा ढळढळीत फरक असल्यामुळे न्यूमोनिया, छातीतलं पाणी, टीबीचा संशय हे फोटोत पुष्कळदा कळतं. दोन मिनिटांचं काम, खर्च काही शेकड्यांत. किरणांची भीती वाटते त्यांच्यासाठी: छातीच्या एका फोटोला 0.1 मिलिसिव्हर्ट (किरण मोजायचं माप) किंवा त्याहून कमी, म्हणजे घरी बसून निसर्गातून आठ-दहा दिवसांत मिळतात तेवढे. छातीच्या सीटी स्कॅनला (एक्स-रेनेच शरीराचे आडवे काप दाखवणारी तपासणी) साधारण 6 ते 7 मिलिसिव्हर्ट, म्हणजे दोनेक वर्षांचा वाटा. गरज असेल तर तेही जास्त नाहीत, नुसत्या हौसेसाठी मात्र आहेत.

ही हौस आपल्याला 2020-21 मध्ये, कोविडच्या काळात लागली. "स्कोअर किती आला?" हा प्रश्न तेव्हा "जेवलात का?"इतक्या सहज विचारला जायचा. सीटीत फुप्फुस किती बिघडलेलं दिसतं, त्याचा तो आकडा. पंचवीसपैकी आठ की अठरा, यावर अख्खं घर रडकुंडीला यायचं. तापाच्या दुसऱ्याच दिवशी येऊन सीटी करणारे, तो नॉर्मल आला म्हणून निर्धास्त घरी जाणारे आणि आठवड्याने धापा टाकत परत येणारे लोक मी पाहिलेत. फार लवकर काढलेल्या सीटीत काही नसतं, म्हणजे आजार नसतो असं नाही. फोटो स्वच्छ असून दम हटत नाही, फोटोत काहीतरी आहे पण कळत नाही, गाठीचा किंवा रक्ताच्या गुठळीचा संशय आहे, अशा वेळी सीटी हवाच.

टीबीची खात्री मात्र फोटोवरून करता येत नाही, सीटीवरूनही नाही. जुना व्रण आणि चालू टीबी कधी कधी सारखेच दिसतात. थुंकी सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) द्या, सरकारी केंद्रात ती मोफत तपासतात. आता फोटो सॉफ्टवेअरही वाचतं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीसाठी त्याला मान्यता दिली. पण तीही चाळणीच, पुढे थुंकी तपासावी लागतेच.

पोट दुखत असेल तर आधी सोनोग्राफी. तिच्यात आवाजाच्या लहरी असतात, किरण नाहीत, त्यामुळे गरोदर बाईला आणि लहान मुलाला हीच पहिली. लिव्हरमध्ये पू झाला असेल तर स्क्रीनवर बघत बघत सुईने काढताही येतो. डेंग्यू आहे हे रक्ताच्या तपासणीत कळतं, पण पित्ताशयाची भिंत सुजली, पोटात पाणी झिरपू लागलं, हे सोनोग्राफीत दिसतं. 2024 च्या जूनमध्ये पुण्यातल्याच एरंडवण्यात झिकाचे, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या तापाचे, रुग्ण निघाले. झिका झालेल्या गरोदर बाईच्या बाळाचं डोकं नीट वाढतंय ना, हे पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करूनच पाहावं लागतं. (गरोदरपणात एफ फॉर्म भरावाच लागतो, गर्भलिंगनिदान रोखणारा 1994 चा कायदा आहे. त्यावरून काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका.)

सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं, आणि पोटात गॅस असला की पलीकडचं दिसत नाही. रिपोर्टमध्ये "अपेंडिक्स दिसलं नाही" असं आलं, तर त्याचा अर्थ "अपेंडिक्स ठीक आहे" असा घेऊ नका. दुखणं उजव्या बाजूला टिकून असेल तर डॉक्टर सीटी सांगतील, तिथे कुरकुर नको. सीटीत नीट दिसावं म्हणून शिरेतून डाय (औषध) द्यायचा असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, त्यावरून मूत्रपिंड कसं चालतंय ते कळतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा कशाची ॲलर्जी असेल तर आम्ही विचारायची वाट बघू नका.

आता एमआरआय. तीन महिने पाठदुखी, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं, असे एक काका आले होते. दोनदा फोटो काढून झालेले, दोन्ही नॉर्मल. हाडातलं कॅल्शियम साधारण तिसरा हिस्सा तरी गेल्याशिवाय साध्या फोटोत फारसं दिसत नाही. एमआरआयमध्ये लागूनचे दोन मणके, मधली चकती आणि शेजारी पू. सुईने नमुना घेतला, मणक्याचा टीबी निघाला. मणका, मेंदू, सांधे, हाडाच्या आतलं इन्फेक्शन, इथे एमआरआयचा हात धरणारं दुसरं नाही, आणि किरणही नाहीत. पण अर्धा-पाऊण तास नळकांड्यात ठोकाठोकी ऐकत निश्चल पडावं लागतं. शिवाय हे मशीन म्हणजे मोठं चुंबक, म्हणून पेसमेकर असेल तर चिठ्ठी हातात पडल्याबरोबर सांगा, अंगावर धातूही नको. परवा एका आजींनी तीनदा "काही नाही हो अंगावर" म्हटलं आणि नऊवारीतून सात सेफ्टी पिना निघाल्या.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा पायाला मुंग्या आल्या तरी लोक एमआरआयची तारीख मागत होते. त्या आजाराचं निदान होतं लक्षणांवरून, मज्जातंतूंच्या चाचणीवरून आणि पाठीतल्या पाण्यावरून. एमआरआय करतात ते बहुतेक वेळा मज्जारज्जू दुसऱ्याच कशाने दबलाय का, हे पाहायला.

आणि येताना जुने फोटो आणा, नुसता रिपोर्ट नको. मागे एका गृहस्थांच्या उजव्या फुप्फुसात वर डाग दिसला. घरचे घाबरले, लगेच सीटी करू म्हणाले. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी जुनी फिल्म आहे का विचारलं. मुलगा घरी जाऊन माळ्यावरून 2009 सालचं पिवळं पाकीट घेऊन आला. मॅडमनी दोन्ही फिल्म व्ह्यू बॉक्सवर शेजारी शेजारी लावल्या. डाग तिथेच, तेवढाच. सीटीचा फॉर्म कोराच राहिला.