मोकळा वेळ कुठे द्यावा: मशिदीची मंडळी की संस्थेचं काम?

पेसाख, म्हणजे वल्हांडणाचा सण, जवळ आला की मुंबई-ठाण्यातली आपली ज्यू तरुण मुलंमुली हा प्रश्न हमखास विचारतात. आठवड्यातले दोन-चार तास समाजासाठी द्यायचे आहेत, तर ते आपल्या मशिदीमार्फत द्यावेत की एखाद्या ज्यू संस्थेत रीतसर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावं? (मशीद म्हणजे सिनेगॉग, आपलं प्रार्थनास्थळ; बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू घरांत जुनी माणसं आजही असंच म्हणतात.) मी दोन्हीकडे काम केलं आहे, म्हणून सांगावंसं वाटतं. सगळ्यांना माझं उत्तर लागू पडेल असं नाही. ज्या मशिदीत आणि ज्या संस्थेत मी होतो त्यांची नावं मात्र घेणार नाही.

मशिदीचं काम बाहेरून पाहिलं तर काम वाटतच नाही. कुणीतरी तेफिल्यानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, हळूच सांगतं, "अमक्या आजींच्या गोळ्या संपल्यात, शुक्रवारी दुपारच्या आत पोचव." शुक्रवारी दुपारच्या आत, कारण संध्याकाळी शब्बाथ लागतो, तो शनिवार संध्याकाळपर्यंत कामबंदीचा विसावा. कुणाची मुलं इस्रायलमध्ये अश्दोदला, कुणाची दिमोनाला, आणि इथे दोन खोल्यांत एकटं माणूस. नोव्हेंबर आला की रेल्वेतून, पोस्टातून निवृत्त झालेल्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचं. पावसाळा संपला की कब्रस्तानातलं गवत काढायचं. सरकारी रुग्णालयाबाहेर खेड्यांतून आलेले पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात, त्यांना रविवारी पोळी-भाजी नाहीतर खिचडी. ती नेहमी शाकाहारी, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या नियमांचा प्रश्न येत नाही आणि घेणाऱ्यालाही विचार करावा लागत नाही.

आपल्याकडे सेवेला हे वळण का लागलं ते उघड आहे. बेने इस्रायलांकडे बगदादहून आलेल्या ज्यू ससूनांसारखा पैसा कधी नव्हता. पुण्याचं ससून रुग्णालय किंवा भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग ही त्याच बगदादी घराण्याची देणगी. आपली माणसं कचेरीत, रेल्वेत, पलटणीत, शाळेत नोकरी करणारी. द्यायला त्यांच्याकडे वेळ होता आणि हातपाय होते. 1913 मध्ये सुरू झालेलं स्त्री मंडळ त्यातूनच उभं राहिलं. कामा रुग्णालयात बाळंतिणींसाठी वर्षानुवर्षं राबलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांना 1966 मध्ये पद्मश्री मिळाली, पण आमच्या आजीच्या पिढीला त्या आठवायच्या त्या रात्री-अपरात्री हाकेला धावून येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणून. माझगावची सर एली कदूरी शाळा आपल्या मुलांसाठी 1875 मध्ये सुरू झाली. आज तिथे शिकणारी मुलं बहुतेक शेजारपाजारच्या मुसलमान घरांतली आहेत आणि शाळा चालू आहे. समाजाने स्वतःसाठी काढलेलं काम परिसराचं होऊन जाणं, हे आपल्याकडे असंच घडत आलं आहे.

संस्थांची बाजू मी कमी लेखत नाही. जॉइंट, म्हणजे जेडीसी ही अमेरिकन ज्यू मदतसंस्था, 1960 च्या दशकापासून भारतात आहे. एकट्या राहणाऱ्या आपल्या वृद्धांना दर महिन्याचा शिधा आणि औषधांची मदत नेमाने पोचते ती त्यांच्यामुळे. वरळीच्या ओआरटी या ज्यू प्रशिक्षण संस्थेने कितीतरी मुलामुलींना हाताला काम मिळेल असं शिक्षण दिलं. कळव्याच्या झोपडपट्टीत 2012 पासून काम करणारं गॅब्रिएल प्रोजेक्ट शाळकरी मुलांना गरम जेवण देतं, आणि ते जेवण वस्तीतल्याच बायका रांधतात, म्हणजे चार पैसे वस्तीतच राहतात. हे मशिदीच्या मंडळींना जमणारं नाही. त्यासाठी पैसा लागतो, पगारी माणसं लागतात, हिशेब तपासणारं कुणीतरी लागतं.

स्वयंसेवकाच्या नजरेतून पाहिलं तर संस्थेत पहिल्या दिवसापासून तुम्हाला ठरलेलं काम मिळतं. वेळ सांगितलेली असते, सोबत कोण ते माहीत असतं, मुलांशी कसं वागायचं याचं थोडं प्रशिक्षण मिळतं. मशिदीत पहिले काही महिने खुर्च्या मांडणं, चहा देणं, प्रार्थनेची पुस्तकं परत कपाटात लावणं एवढंच वाट्याला येतं. कोणतं काम कुणी करायचं हे दोन-तीन ज्येष्ठांच्या डोक्यात असतं, आणि त्यांच्यापैकी एखादे आजारी पडले की यादीच हरवते. हिशेब वहीत. निवडणुकीच्या वर्षी समितीत वाद होतात आणि काही चांगली माणसं रुसून घरी बसतात. शिवाय 2008 च्या नोव्हेंबरात नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर जो दहशतवादी हल्ला झाला त्यानंतर मशिदींवर बंदोबस्त आला तो कायमचा. दार उघडं टाकून आवारात आरोग्य शिबिर घ्यावं, गल्लीतल्या कुणीही आत यावं, हे आता सोपं राहिलेलं नाही. शेजाऱ्यांसाठी काही करायचं तर आपणच बाहेर पडावं लागतं.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या मशिदी जुन्या रीतीच्या. मिनियानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, पुरुषच मोजले जातात, समितीवर बायका कमीच दिसतात. स्त्री मंडळात काम भरपूर आहे आणि ते मानाचंही आहे, पण एखाद्या मुलीला स्वतः उपक्रम आखायचा असेल, चार जणांचं पथक चालवायचं असेल, तर संस्थेत तिला ती संधी लवकर मिळते. माझ्या भाचीने संस्थेचीच वाट धरली आणि मला ते योग्यच वाटतं.

इतकं सगळं संस्थेच्या बाजूने असूनही मी मशिदीकडे वळलो. त्याचं कारण फोटो.

मी ज्या संस्थेत होतो तिथे प्रत्येक वाटपाचा फोटो लागायचा. परदेशातल्या देणगीदारांना अहवाल जातो, त्यात चेहरे दिसले पाहिजेत, हे कारण मला समजत होतं. कुणी दूरवर बसून पैसे पाठवतो, त्याला ते योग्य जागी पोचले हे कळायलाच हवं. पण प्रत्यक्षात काय व्हायचं ते पाहा. शिध्याची पिशवी: तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, पोहे. पिशवीवर संस्थेचं चिन्ह आणि खाली देणगीदाराचं नाव छापलेलं. आजी दारात यायच्या. आम्ही पिशवी पुढे करायचो आणि त्या हात पुढे करून तशाच थांबायच्या, कारण फोनवाला मुलगा म्हणायचा, "आजी, जरा पिशवी फिरवा, नाव दिसत नाही." पिशवी जड. वयामुळे हात थरथरायचा. मग इकडे बघा, तिकडे बघा. वस्तीत वाटप असलं की काही बाया पदर तोंडावर ओढून घ्यायच्या, आणि मग अहवालाला तो फोटो चालायचा नाही.

आपल्या समाजात हे आणखी अवघड आहे, कारण आपण मोजके. भारतात उरलेली सगळी माणसं मिळून चार-पाच हजार, त्यातली बरीचशी मुंबई-ठाण्याकडे. कोण कुणाची मावशी, कुणाचं मूळ गाव अलिबागकडचं कोणतं, हे सगळ्यांना पाठ. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं. पेसाखच्या आधी त्यांना शिध्याची पिशवी दिली गेली, फोटो काढला गेला, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सअ‍ॅपवरून अश्दोदला पोचला. तिथून भाच्याचा फोन आला: "मावशी, तुला काही कमी पडतं होय? आम्हाला सांगायचंस ना." तो बिचारा काळजीनेच बोलला असेल. पण मावशींना ते फार लागलं. पुढच्या सणाला मी गेलो तेव्हा दार अर्धंच उघडून म्हणाल्या, "माझं नाव काढ बाळा यादीतून. माझं चाललंय." चाललेलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

मी हे बैठकीत मांडलं. नीट ऐकून घेतलं त्यांनी, पण फोटोशिवाय पुढचा निधी अडतो, असं उत्तर मिळालं. फोटो पाठीमागून घ्यावा, नुसत्या हातांचा घ्यावा, असंही सुचवून पाहिलं. काही दिवस तसं झालं, मग पुन्हा पहिलं सुरू. अलीकडे काही ठिकाणी चेहरे न दाखवण्याचा नियम केल्याचं ऐकतो. तो पाळला जात असेल तर माझा हा आक्षेप त्यांना लागू होत नाही.

आपल्या धर्माने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती, म्हणून तर जास्त लागतं. येरुशलेमच्या मंदिरात एक गुप्त खोली असे. देणारे तिथे गुपचूप टाकून जात आणि चांगल्या घरचे, पण अडचणीत आलेले लोक गुपचूप घेऊन जात. बाराव्या शतकात रामबाम (मैमोनिदीस) या ज्यू धर्मपंडिताने सेदाकाच्या, म्हणजे दानधर्माच्या, आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पायावर उभं करणं. त्याच्या खालोखालची, ज्यात देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. समोर उभं राहून, हातात देऊन, वर फोटो काढणं या पायऱ्यांवर कितव्या क्रमांकाला येईल ते तुम्हीच ठरवा.

मशिदीत वही असते हे वर तक्रारीच्या सुरात सांगितलं. त्याच वहीची दुसरी बाजू अशी की ती गबाई, म्हणजे मशिदीचा कारभार पाहणारे, आणि स्त्री मंडळातल्या एक बाई अशी दोनच माणसं उघडतात. आमच्या हाती येतो तो पत्ता आणि साधी कापडी पिशवी, भाजीला नेतात तसली, वर अक्षरही न छापलेली. जिन्यात शेजारीण भेटली तर मावशींकडे भाचा भाजी घेऊन आला एवढंच तिला दिसतं. आत गेल्यावर चहा होतो, गप्पा होतात, पंख्याचं बटण दुरुस्त करून द्यावं लागतं. पिशवी ओट्याजवळ राहते आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. त्या शिक्षिका मावशींचं नाव आता या वहीत आहे. त्यांना वाटतं की सणाला मशीद सगळ्याच ज्येष्ठांकडे पिशवी पाठवते. त्यांच्या इमारतीतल्या, अगदी सुस्थितीतल्या दुसऱ्या एका आजोबांनाही गबाई मुद्दाम एक पिशवी पाठवतात, ती याचसाठी.

रामबामची वरची पायरी मात्र संस्थाच गाठू शकतात, हे मान्य करायला हवं. माणसाला कामधंद्याला लावणं हे ओआरटीसारख्यांचं क्षेत्र. कळव्यातल्या रांधणाऱ्या बायकांची कमाई हीसुद्धा त्याच पायरीवरची. म्हणून तुमचा ओढा शिकवण्याकडे असेल, लहान मुलांत रमत असाल, किंवा दोन वर्षांत परदेशी शिकायला जाणार असाल आणि तोवर नेमाचं काम हवं असेल, तर संस्था निवडा. फक्त नाव घालण्याआधी फोटोचा नियम काय आहे ते विचारा आणि एका वाटपाला नुसतं उभं राहून पाहा.

मशिदीकडे माझं पारडं झुकतं त्याला मिनियानही कारण आहे. मयत झाली की अंत्यविधीला, नंतर घरच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेरा वर्षांवरचा मुलगाही त्यात मोजला जातो. पूर्वी गल्लीतून हाक मारली की वीस जण यायचे. आता कामाच्या दिवशी सकाळी नऊ जण जमतात आणि घरचे दाराकडे डोळे लावून बसतात. अशा वेळी ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकून गेलेला मुलगा जे देतो ते कोणतीही संस्था कितीही पैसा खर्चून देऊ शकत नाही.

शब्बाथचा प्रश्न आपल्या संस्थांत येत नाही. कंपन्यांच्या सेवा-उपक्रमांत मात्र बहुधा शनिवारच ठरलेला असतो, तेव्हा तिसरा पर्याय म्हणून तिकडे बघणाऱ्यांनी आधी वार विचारून घ्यावा.

मशिदीचं ठरलं, तर पेसाखच्या महिनाभर आधी जा, यादी तेव्हा बनते. फोन करून उपयोग होत नाही. शब्बाथच्या सकाळी तेफिल्याला या, किद्दूश (द्राक्षरसावरची प्रार्थना) होऊ द्या, आणि मग गबाईंना एवढंच सांगा की मी मोकळा आहे, कुठे जायचं ते सांगा. पैशाचा, हिशेबाचा विषय त्या दिवशी काढू नका, तो रविवारी. आणि पहिले काही महिने खुर्च्या मांडायला लावल्या तर मांडा. गबाई तेवढ्यात बघत असतात की हा मुलगा बाहेर जाऊन कुणाचं काही बोलतो का.