वाकेन ओपन एअर : लाइनअप येण्याआधी घेतलेले तिकीट

उत्तर जर्मनीतील वाकेन या गावात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या हेवी मेटल महोत्सवाचे तिकीट घेताना आपण नेमके कोणाला ऐकणार आहोत, हे बहुतांशी ठाऊक नसते. महोत्सव शनिवारी रात्री संपतो आणि अलीकडच्या काही वर्षांत लगेच रविवारी संध्याकाळी पुढच्या वर्षाची विक्री सुरू झालेली आहे. त्या वेळी सुमारे दोनशे बँडपैकी थोड्यांचीच नावे हाती असतात. तरीही २०२४ च्या महोत्सवाची सगळी तिकिटे साडेचार तासांत संपली होती. चार दिवसांचे आणि तंबूच्या जागेसह असलेले ते तिकीट ३३३ युरोंचे होते, म्हणजे आजच्या दराने तीस हजार रुपयांच्या वर, आणि तिकिटे होती सुमारे ८५,०००. इतक्या लोकांनी इतके पैसे जवळजवळ कोऱ्या कागदावर मोजावेत, यामागे काय आहे आणि तो विश्वास कितपत सार्थ ठरतो, हे मी हॅम्बुर्गमध्ये राहू लागल्यापासून जवळून पाहत आलो आहे. महोत्सवाच्या चार दिवसांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला त्याआधीच्या अकरा महिन्यांविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या मते तिकिटाच्या किमतीतला मोठा भाग त्या प्रतीक्षेतच वसूल होतो.

श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतातले वाकेन हे जेमतेम दोन हजार वस्तीचे शेतकरी गाव आहे. थोमास येन्सन आणि होल्गर ह्यूब्नर या तेथल्याच दोघांनी १९९० च्या ऑगस्टमध्ये पहिला महोत्सव भरवला, तेव्हा आठशेच्या आसपास माणसे आली होती. गावाच्या अग्निशमन दलाचे वाद्यपथक आजही महोत्सवात वाजवते आणि त्याच्यासमोर काळ्या टी-शर्टमधले हजारो लोक मान हलवत उभे राहतात. या महोत्सवाचा आणि गावाचा संबंध किती घट्ट आहे, हे कळायला तेवढे एक दृश्य पुरते.

आता लाइनअपविषयी, म्हणजे वाजवणाऱ्या बँडांच्या यादीविषयी. वाकेनची यादी एकदम येत नाही, हप्त्याहप्त्याने येते. पहिला हप्ता विक्रीच्या सुमारास येतो आणि त्यात मुख्य आकर्षणांपैकी एक-दोन नावे असतात. मग शरद ऋतूत थोडी भर पडते. अनेक वर्षे डिसेंबर हा सर्वांत भरगच्च महिना राहिला आहे, कारण जर्मन घरांत नाताळच्या आधी रोज एक खिडकी उघडण्याचे जे कॅलेंडर असते, त्याच धर्तीवर वाकेननेही नावे जाहीर केली आहेत. थंडीत साडेचारला अंधार पडतो, आपण कामावरून परतत असतो आणि रेल्वेत फोन उघडून त्या दिवशीचे नाव पाहतो. ओळखीचे असेल तर आनंद होतोच, पण अनोळखी असेल तर घरी पोहोचेपर्यंत त्यांची दोन गाणी ऐकून झालेली असतात. पुढे वसंतात यादी पूर्ण होत जाते आणि सर्वांत शेवटी कोण कोणत्या मंचावर किती वाजता, हे वेळापत्रक येते.

नावे अशी टप्प्याटप्प्याने का येतात, याला लोकांचे कुतूहल टिकवण्याखेरीज व्यवहाराचेही कारण आहे. मोठा बँड एका महोत्सवापुरता अटलांटिक ओलांडून येत नाही. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत तो युरोपभर फिरतो आणि त्याच्या एजंटला फ्रान्समधला हेलफेस्ट, चेकियातील जुन्या किल्ल्यात भरणारा ब्रुटल असॉल्ट, इंग्लंडमधला ब्लडस्टॉक आणि बेल्जियममधला अल्काट्राझ अशा सगळ्यांची तारखांनिशी सांगड घालावी लागते. ठरावीक अंतराच्या आत ठरावीक काळ दुसरा कार्यक्रम करायचा नाही, अशी अटही करारांत असते. त्यामुळे एका बाजूला बोलणी पूर्ण झाली, तरी दुसऱ्या बाजूची घोषणा होईपर्यंत नाव दाबून ठेवावे लागते.

आणि येथेच चाहत्यांचा खरा अभ्यास सुरू होतो. एखाद्या बँडने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मंगळवारी प्रागला आणि पुढच्या रविवारी बेल्जियमला कार्यक्रम जाहीर केला आणि मधले चार दिवस मोकळे ठेवले, तर ते चार दिवस तो बँड कोठे असेल याचा तर्क करणे अवघड नसते. माझा एक मित्र, जो व्यवसायाने रेल्वेचे सिग्नल तपासतो, असे मोकळे दिवस एका तक्त्यात मांडत असतो. त्याचे अंदाज सगळे बरोबर येत नाहीत, पण निम्म्याहून अधिक येतात, आणि जे चुकतात त्यांच्याविषयी आम्ही बरोबर आलेल्यांपेक्षा अधिक वेळ बोलतो. आषाढात पालखी कोणत्या गावी मुक्काम करणार हे घरबसल्या बोटांवर मोजणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. हा तक्ता पाहताना मला त्यांची आठवण होते, कारण दोन्हीकडे वाट माहीत असल्याचा आनंद सारखाच आहे.

आंधळेपणाने तिकीट घेणाऱ्यांच्या मनात जी आशा असते, ती केवळ मोठ्या नावांची नसते. वाकेनची खरी पत आहे ती इतरत्र घडणार नाही असे काही घडवून आणण्यात. नॉर्वेचा एम्परर हा बँड २००१ साली थांबला होता, तो पुन्हा एकत्र आल्यावर २००६ मध्ये वाकेनच्या मंचावर उभा राहिला आणि त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्धही झाले. २०१५ मध्ये फ्लोरिडाचा सॅव्हेटाज हा अनेक वर्षे मंचापासून दूर असलेला बँड आणि त्यातूनच जन्मलेला ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्रा यांनी शेजारी शेजारी असलेले दोन मुख्य मंच एकाच वेळी व्यापून वादन केले. त्यासाठी दोन मंच, दोन संच आणि दोन्हींना सामावून घेणारे मैदान लागते, आणि ते भाड्याने मिळत नाही. २०१३ मध्ये रामश्टाइन या जर्मन मेटल बँडच्या कार्यक्रमात हाइनो हा पारंपरिक जर्मन गाण्यांचा वयोवृद्ध गायक अचानक अवतरला. ही गोष्ट कोणत्याच पोस्टरवर नव्हती. आपल्याकडे एखाद्या रॉक मैफिलीच्या मध्यात ज्येष्ठ भावगीत गायकाने येऊन माइक हाती घ्यावा, तसा तो प्रसंग होता. अशा तीन-चार गोष्टी ऐकल्या की कोऱ्या कागदावर पैसे ठेवणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणणार नाही.

मात्र पोस्टरच्या सर्वांत वरच्या ओळीविषयी माझी तक्रार आहे आणि ती मी गांभीर्याने मांडतो. आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड २००८, २०१०, २०१६ आणि २०२३ अशा चार वेळा येथे आला आहे. मी मेडनवर मनापासून प्रेम करतो आणि पाचव्या वेळी आला तरी पुढे जाऊन उभा राहीन, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या बँडांवरच वरची ओळ पुन:पुन्हा तोलली जात असेल, तर पुढच्या दहा वर्षांत ती कोण सांभाळणार हा प्रश्न उरतो. मोटरहेड या ब्रिटिश बँडचा गायक लेमी २०१५ च्या डिसेंबरात गेला आणि २०२३ मध्ये त्याच्या अस्थींचा काही अंश वाकेनला आणण्यात आला. तो क्षण अनेकांसाठी अत्यंत हृद्य होता यात शंका नाही, परंतु एक पिढी निघून चालली आहे हेही त्यातून तितकेच स्पष्ट झाले. आज चाळिशीत असलेल्या संगीतकारांना शेवटच्या रात्रीचा शेवटचा तास अधिक धीटपणे द्यायला हवा. खालच्या मंचांवर त्यांची तयारी पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

याच संदर्भात मुंबईकरांसाठी एक हिशेब मांडतो. गन्स एन' रोझेस हे २०२५ च्या वाकेनचे सर्वांत मोठे नाव होते. तोच बँड त्याच वर्षी १७ मे रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला होता. म्हणजे ज्याला केवळ तेवढाच बँड ऐकायचा होता, त्याने जर्मनीचे विमान पकडण्याचे काहीच कारण नव्हते. एका मोठ्या नावासाठी वाकेनला जाऊ नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

जावे ते पोस्टरच्या तळाच्या ओळींसाठी. तेथे अक्षरे इतकी बारीक असतात की फोनवर मोठी करून वाचावी लागतात, आणि मला त्या ओळी सर्वांत प्रिय आहेत. 'मेटल बॅटल' नावाच्या स्पर्धेतून वेगवेगळ्या देशांतले विजेते येथे येऊन वाजवतात. भारतीय उपखंडाचीही त्यात फेरी झालेली आहे. निमंत्रणावरून आलेल्या भारतीय बँडांचा इतिहासही आता दहा वर्षांहून जुना आहे : बंगळुरूचा क्रिप्टोस २०१३ मध्ये, आपल्या मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन २०१४ मध्ये आणि दिल्लीचा ब्लडीवुड २०१९ मध्ये. डेमॉनिक रिझरेक्शनचे नाव त्या यादीत पाहिले तेव्हा मला धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह आठवले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाला आम्ही कॉलेजात असताना तेथे जात असू. कोण वाजवणार हे कँटीनमध्ये तोंडोतोंडी कळे, त्यावर वाद होत, आणि एखादे नाव खोटे ठरले तरी पायऱ्यांवरची जागा कोणी सोडत नसे. सभोवती शांतता क्षेत्र जाहीर झाल्यावर रंगभवनाचा आवाज थांबला. त्या पायऱ्यांवर ज्यांना ऐकत आम्ही वाढलो, त्या परंपरेतला एक बँड वाकेनच्या पोस्टरवर असणे, मग अक्षर कितीही बारीक असो, ही माझ्यासाठी वरच्या ओळीपेक्षा मोठी बातमी होती.

वेळापत्रक हा लाइनअपचा शेवटचा आणि सर्वांत कठोर टप्पा आहे. फास्टर आणि हार्डर हे दोन मुख्य मंच एकमेकांना लागून आहेत. एकावर वादन चालू असताना दुसऱ्यावर मांडणी होते, त्यामुळे तेथे एकाच जागी उभे राहून दोन्हींचे कार्यक्रम पूर्ण ऐकता येतात. ही व्यवस्था मला फार आवडते. लाउडर हा तिसरा मंच आणि मोठ्या तंबूतले दोन मंच यांच्या वेळा मात्र मुख्य मंचांच्या वेळांवर येतात. दोनशे बँड चार दिवसांत बसवायचे म्हणजे ते अटळ आहे, परंतु वेळापत्रक आणखी महिनाभर आधी मिळाले तर निवड करणे सोपे जाईल. अनुभवी माणसे दिवसाला सात-आठ बँडांच्या पलीकडे जात नाहीत. चिखलात एका मंचावरून दुसऱ्याकडे पोहोचायला नकाशात दिसतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

चिखलाचा उल्लेख आलाच आहे, तर २०२३ विषयी सांगणे भाग आहे. त्या वर्षी सततच्या पावसाने शेते इतकी भिजली की सुमारे ५०,००० लोक आत आल्यावर प्रवेश बंद करण्यात आला आणि वाटेत असलेल्यांना परतावे लागले. ज्यांना येता आले नाही त्यांना तिकिटाचे पैसे देण्याचे आयोजकांनी जाहीर केले, हे योग्यच झाले. तरी अकरा महिने एकेका नावाची वाट पाहिलेल्या माणसाला पैसे परत मिळाले म्हणजे सगळे परत मिळाले असे होत नाही. तेव्हा तिकीट घेताना बँडांइतकाच पावसाचाही अंदाज मनाशी बांधावा आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट आधीच घेऊन ठेवावेत.

महाराष्ट्रातून येऊ इच्छिणाऱ्यांना मी या तिकिटाची शिफारस करतो, एका अटीवर : मेटलमधले वीस-तीस बँड तरी आवडीने ऐकत असाल तर. शेंगेन व्हिसाची वेळ मिळवणे, रजा ठरवणे आणि विमानाचे भाडे चढण्याआधी आरक्षण करणे या सगळ्याला महिने लागतात, त्यामुळे लवकर झालेली विक्री दूरच्या प्रवाशाच्या पथ्यावरच पडते. हॅम्बुर्गहून इट्झेहोपर्यंत रेल्वेने यावे आणि तेथून महोत्सवाची बस घ्यावी, हा मार्ग सोपा आहे. उलट एखाद-दुसऱ्याच बँडचे चाहते असाल, तर यादी पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि तो बँड त्याच मोसमात आणखी कोठे वाजवतो आहे हे पाहावे. बहुतेक वेळा बंदिस्त सभागृहात, कमी पैशांत आणि अधिक स्वच्छ आवाजात तो ऐकायला मिळतो.

माझ्यापुरते सांगायचे तर पोस्टर आले की मी तळाच्या ओळींतली अनोळखी नावे एका वहीत उतरवून घेतो आणि आठवड्याला एक बँड ऐकतो. या खेपेला बारा नावे आहेत. सात ऐकून झाली, त्यांतल्या तिघांसमोर खूण केली आहे, आणि आठव्याची पाळी येत्या रविवारी आहे.