मेंढ्यांच्या "व्हायरसवरचं इंजेक्शन" घेऊ नका, माझे ४२ हजार गेले

सिन्नर तालुक्यात आमचा दख्खनी मेंढ्यांचा वाडा आहे, साठेक जित्राबं. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या क्रॉसच्या आठ मेंढ्या आणल्या, त्यातल्या तीन-चार दिवाळीनंतर वाळायला लागल्या. खायच्या बरोबर पण पाठीचं हाड वर आलं, चरायला निघालं की धापा टाकत मागं राहायच्या, आणि एकीची कास व्याल्यावर दगडासारखी घट्ट, गरम नाही सूज नाही पण दूध थेंबभर. डॉक्टरांनी रक्त लॅबला पाठवलं तर मेडी-विस्ना निघाला, म्हणजे मेंढीला हळूहळू आतून पोखरणारा व्हायरसचा रोग.

डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की याच्यावर औषध नाही, लसही नाही. पण आई एकेका मेंढीला नावानं हाक मारते, तिचा जीव तुटत होता, आणि तेवढ्यात बाजारात एक माणूस भेटला, गाडीला पांढरी थर्माकोलची पेटी, म्हणे "दादा परदेशी लस आहे, तीन डोसात व्हायरस मुळासकट जातो". ७०० रुपये डोस, २० मेंढ्या, तीन डोसाचे पैसे आधीच घेतले. बिल मागितलं तर नंतर व्हॉट्सअॅपला टाकतो म्हणाला.

पहिल्या डोसनंतर दोन दिवसात मेंढ्या तरतरीत, ढास कमी, मी तर अजून चार जणांना नंबर दिला, त्याचं आजही वाईट वाटतं. मग आठवड्याच्या आत शेवटच्या महिन्यातल्या पाच गाभण मेंढ्या गाभडल्या. आईनं एक कोकरू पदरात घेऊन चुलीपाशी शेकलं, तासभर हललं, मग गेलं. रिकामी बाटली डॉक्टरांना दाखवली, लेबल खरवडलेलं, ते म्हणाले बहुतेक स्टेरॉईड, त्यानं चार दिवस बरं वाटतं आणि दिवस भरत आलेली मेंढी आधीच व्यायते. पुढं एक मेंढी मेली ती त्यांनी उघडून दाखवली, फुप्फुस राखाडी आणि हातात घेतलं तर दुप्पट जड.

डॉक्टर म्हणाले आइसलँडमध्ये १९३३ ला जर्मनीहून आणलेल्या काराकुल मेंढ्यांबरोबर हा रोग गेला, त्यांना कळपच्या कळप मारावे लागले तेव्हा १९६५ ला संपला. तिथं इंजेक्शन नव्हतं तर बाजारातल्या पेटीत कुठून येणार?

आता आजारी मेंढ्या वेगळ्या बांधल्यात. कोकरू पडलं की आईला चाटू न देता उचलतो, चीक ५६ डिग्रीवर तासभर ठेवून मगच पाजतो, कारण रोग चिकातून-दुधातून जातो. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचंय.

त्या माणसाचा फोन बंद आहे. येवल्याकडं कांद्याच्या रानात बसलेल्या वाड्यांवर फिरतोय असं ऐकलंय, तिकडच्यांनी पेटी दिसली की आधी बाटलीचं लेबल बघा.